डेन बाई

"विचार त्या डेन बाईला, हा जमत नसेल तर तो पलीकडचा देते का," असं ती उंच बाई आपल्या सोबतिणीला म्हणाली, आणि ऑस्गिथच्या हातातला कंगवा तसाच हातात राहिला. बाई इंग्लिश बोलत होती. डर्वेंट नदीकाठचं, शब्दाचं शेपूट गिळून टाकणारं इंग्लिश. ते ऑस्गिथला कळलं, पण डेन बाई म्हणजे कोण हे कळायला थोडा वेळ लागला. तिनं चक्क मागे वळून पाहिलं. मागे फळ्यांच्या भिंतीवर हरणाची शिंगं टांगलेली होती आणि अर्धवट उघड्या दारातून नवऱ्याची वाकलेली पाठ दिसत होती. म्हणजे डेन बाई ती स्वतःच होती. ठेच लागल्यावर अंगठ्यातून कळ निघायच्या आधी एक रिकामा क्षण असतो, तशा एका क्षणात ती उभी राहिली आणि कळ येण्याची वाट पाहू लागली. गल्लीतून कुणीतरी ओल्या फळ्यांवर पाय आपटत गेलं. शेजारच्या लाकडी वाडगे कातणाऱ्याचं डुक्कर कुंपणाला अंग घासत होतं. कळ आली नाही.

याचंच तिला नवल वाटलं, आणि मग थोडी भीती. दोघी बायका कंगवे उलटेसुलटे करत होत्या, दात नखानं वाजवून बघत होत्या, आणि ऑस्गिथ त्यांच्याकडे बघत मनातल्या मनात स्वतःला चाचपत होती. खांद्यावर दोन्ही बाजूंना डेन बायका लावतात तसे कासवाच्या पाठीसारखे फुगीर पितळी बिल्ले. केसांची मागे गाठ. रागावली की तोंडातून डेन शिव्याच येतात, आणि लेकीला झोपवताना म्हणायचं गाणंही सासूचं, जिला तिनं कधी पाहिलं नाही. परवा स्वप्नात आई आली होती. आई जिवंतपणी डेन लोकांचं नाव निघालं की थुंकायची, आणि स्वप्नात ती स्वच्छ डेन भाषेत विचारत होती की चुलीवर काय आहे. सकाळी ऑस्गिथनं ते नवऱ्याला, आस्लाकला, सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "उच्चार कसे होते?" आणि ती हसली होती. हसावं की नाही हे तेव्हा तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता आलं.

तसं तिच्या सुखात सांगण्यासारखं काही नव्हतं. पावसाळी दिवसांत डेन लोकांच्या यॉर्विक शहरातल्या गल्ल्यांत चिखल घोट्यापर्यंत येतो, शिंग कापताना जळक्या केसांसारखा वास घरभर सुटतो, आस्लाक काम करताना सूर सोडून गातो आणि वाम माशांच्या रश्श्यात कांदापात कमी पडली की लहान मुलासारखा ताट सरकवतो. भांडणं होतात. पण रोज दुपारी एक वेळ अशी येते की आतून करवतीचा आवाज येत असतो, लेक गुन्वोर पायरीवर बसून कंगव्यात ठोकायच्या रिवेटा निवडत असते, आणि ऑस्गिथला वाटतं की आता आणखी काही नको. पूर्वी या वाटण्यापाठोपाठ लगेच किनरिकचा चेहरा यायचा, दार वाजवल्यासारखा. किनरिक, तिचा भाऊ. अलीकडे तो उशिरा येई. कधीकधी दोन-दोन दिवस येत नसे. आणि आज, आपल्याच नदीची बाई समोर उभी राहून आपल्याला शत्रूच्या नावानं हाक मारत असताना, तो आलाच नव्हता. तिला त्याला मुद्दाम बोलवावं लागलं.

तो आला तो पाण्यात उभा. तिनं त्याला शेवटचं तसंच पाहिलं होतं, डर्वेंटच्या उतारावर, मांडीपर्यंत पाण्यात. दोन वर्षं लढाई झाली होती. डेन टोळ्यांनी गावची धान्याची कोठारं जाळली होती, आणि त्या उपाशी हिवाळ्यात आई गेली होती. मग दोन्हीकडचे लोक थकले. तह झाला. तह टिकावा म्हणून वर्षभरासाठी दोन्हीकडून एकेक माणूस ओलीस द्यायचा ठरला. इकडच्याला काही झालं तर तिकडच्याचा जीव घ्यायचा, असा तो साधा करार होता. गावात वर्मुंडचा, म्हणजे ऑस्गिथच्या बापाचा, शब्द चालायचा, म्हणून त्यानं दुसऱ्याचा मुलगा पुढे केला नाही, आपलाच केला. पलीकडून आला तो डेन सरदाराचा पुतण्या. किती पुतण्यांतला कितवा, हे नंतर कळलं. दोघं पोरं एकाच वेळी पाण्यात उतरली, मधोमध एकमेकांच्या अंगावरून गेली, आणि इकडच्या काठाला लागला तो भिजलेला, निळ्या ओठांचा आस्लाक.

ऑस्गिथ तेव्हा वीस वर्षांची होती आणि त्याचा द्वेष करायला तिला काही कष्ट पडत नव्हते. ती त्याचा वाडगा जमिनीवर ठेवायची, कुत्र्याला ठेवतात तसा. तो खाली बसून खायचा आणि वाडगा विसळून तिच्यासमोर पुन्हा जमिनीवरच ठेवायचा, अगदी गंभीरपणे, जणू या घरची तशीच रीत असावी. दोन्ही भाषा चुलत बहिणींसारख्या, अर्धं कळायचं, अर्धं चुकायचं. त्यानं एकदा विचारलं की आभार मानताना तुमच्यात काय म्हणतात. तिनं त्याला मेंढीच्या लेंडीचा शब्द सांगितला. रविवारी पाद्री जेवायला आले, त्यांनी त्याच्यापुढे भाकरी सरकवली, तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून, मान झुकवून, तो शब्द म्हटला. घरात शांतता झाली. आणि मग वर्मुंड हसला. आई गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं, आणि हसला तो बाप, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आस्लाकनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सगळं ओळखून तोच शब्द आणखी एकदा, आणखी मोठ्यानं म्हटला. त्या दिवसापासून ऑस्गिथ वाडगा चौथऱ्यावर ठेवू लागली. द्वेष गेला नव्हता. पण तो धरून ठेवायला आता रोज थोडी मेहनत लागायची, आणि तिला इतर कामंही होती.

पुढचं काय आणि कधी झालं ते तिला सांगता आलं नसतं. तो रानात गळून पडलेली शिंगं गोळा करून आणायचा आणि गोठ्यात बसून घासायचा. ती धारेला जायची. धार काढून झाल्यावरही ती तिथंच असायची. फेब्रुवारीत बर्फ वितळू लागलं तेव्हा तिला आढळलं की आपण दिवस मोजतो आहोत, आणि किनरिक परत यायला किती उरले हे मोजायच्या ऐवजी हा जायला किती उरले हे मोजतो आहोत. आकडा एकच होता. हे कळलं त्या दिवशी ती दिवसभर कुणाशी बोलली नाही.

आणि मग पाद्री किनरिकचा कमरपट्टा घेऊन आले. ताप, ते म्हणाले. डेन छावणीत ताप आला होता, त्यांचीही माणसं गेली. कुणी मारलं नाही, मी स्वतः पाहिलं. वर्मुंडनं पट्टा मांडीवर घेतला आणि तो सकाळभर त्यावरून बोटं फिरवत बसला. अंगणात माणसं जमू लागली. ती काही बोलत नव्हती, नुसती जमत होती, आणि करार सगळ्यांना तोंडपाठ होता. ऑस्गिथ गोठ्यात गेली. जाताना तिची एकच इच्छा होती की तो पळून गेलेला असावा, म्हणजे आपल्याला काही ठरवावं लागणार नाही. मागचं दार उघडंच होतं. तो गवतावर बसला होता.

"गेला का नाहीस?" ती म्हणाली.

"पाय उठत नाहीत," तो म्हणाला. "उठवून बघितले."

तो घाबरला होता आणि ते लपवत नव्हता. तिला वाटलं होतं की त्याला पाहताच आपण त्याच्या अंगावर धावून जाऊ, निदान ओरडू. तिनं विचारलं ते वेगळंच. "तू त्याला पाहिलं होतंस?"

"एकदाच. पाण्यात. मी उजवीकडे चाललो होतो. तो माझ्या शेजारून जाताना म्हणाला, तिकडं खोल आहे, डावीकडून जा. मला वाटलं फसवतोय. म्हणून एक पाऊल उजवीकडेच टाकलं. गळ्यापर्यंत गेलो. त्यानं माझी मानगूट धरली आणि मला डावीकडे ढकललं. मग गेला. काठावरून तुम्हाला वाटलं असेल, आमची झटापट झाली."

खरंच तसंच वाटलं होतं. गावभर तेच सांगितलं जात होतं, की किनरिकनं जाता जाता त्या डेनला एक हिसका दिला. ऑस्गिथ बापाकडे गेली आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. वर्मुंडनं ऐकलं, आणि पुन्हा सांग म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं. मग तो उठून अंगणात गेला आणि जमलेल्या माणसांना म्हणाला, "माझ्या पोरानं ज्याला पाण्यातून काढला, त्याला मी मारणार नाही. घरी जा." आत येऊन म्हणाला, "पण त्याला इथून जाऊ दे. तो दिसला की मला दुसरा दिसेल." आणि ऑस्गिथनं सांगितलं की मीही जाते. बापानं तिच्याकडे पाहिलं. त्यानं अडवलं असतं तर ती थांबली असती, हे तिला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे. त्यानं अडवलं नाही. तो म्हणाला, "एका दिवसात दोन," आणि चुलीकडे तोंड करून बसला.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. त्यांपैकी एकाही वर्षी तिनं निरोप धाडला नव्हता. काय धाडणार होती? किनरिक जगला असता तर वर्षअखेरीस आस्लाक त्याच पाण्यातून परत गेला असता, आणि ती कुठल्यातरी गिरणीवाल्याची बायको झाली असती. तिची ती दुपारची वेळ, करवतीचा तो आवाज, पायरीवरची लेक, हे सगळं भावाच्या मरणातून तिच्याकडे आलं होतं. दुःखी असती तर ती बापाकडे जाऊ शकली असती. दुःखी लेक कधीही माहेरी येऊ शकते. पण मी सुखात आहे, हे त्या चुलीपुढे बसलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"हाच घे गं, उशीर होतोय आपल्याला," उंच बाई सोबतिणीला म्हणत होती. "ओहोटी लागायच्या आत होडीवर पोचायचंय. तो म्हातारा काकडून गेला असेल."

"त्याला एकदा तरी उतरायला सांग ना, तेत्ता," सोबतीण म्हणाली. ती नावाड्याची बायको असावी, तिच्या हाताला दोराचे घट्टे होते.

"सांगून दमले. डेन लोकांच्या मातीला पाय लावणार नाही म्हणतो. मग दरवर्षी येतोस कशाला, तर म्हणे हवा बघायला. आणि मला पाठवतो कंगवा आणायला. डोक्यावर केस उरले नाहीत त्याच्या. घरात सात कंगवे झालेत. बरं, एकाच दुकानातून आणायचा नाही, दर वेळी नव्या माणसाकडून आण. आणि आलं की विचारणार, विकणारी कोण होती, कशी होती, जाड होती का, हसत होती का. मी म्हटलं, वर्मुंड, बायका बघायची हौस असेल तर स्वतः उतर."

नावाड्याची बायको हसली. ऑस्गिथनं हातातला कंगवा फळीवर ठेवला, कारण तो पडला असता.

"होडी कुठल्या घाटावर आहे?" तिनं विचारलं.

ती डेन भाषेत बोलली नव्हती. शब्दाचं शेपूट गिळून बोलली होती. तेत्ता तिच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर खांद्यावरच्या बिल्ल्यांवर गेली, केसांवर, हातांवर, आणि परत चेहऱ्यावर आली.

"अगं बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "तू आमच्यातली?"

"मी वर्मुंडची."

तेत्तानं कंगव्याच्या बदल्यात द्यायला आणलेलं चीज कडेवर सावरलं. "मी त्याची बायको," मग ती म्हणाली. "नऊ वर्षं झाली. तू गेल्यावर स्वयंपाक करायला कुणी नव्हतं." यात तक्रार नव्हती, आणि क्षमाही नव्हती. "चल. मासळीच्या घाटाच्या पलीकडे, वाळुंजाच्या झाडाखाली. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, जवळ जाऊन बोल."

ऑस्गिथनं आत हाकसुद्धा मारली नाही. ती तशीच निघाली, वाटेतल्या घसरड्या फळ्यांवरून, दोन बायकांच्या पुढे, मग बऱ्याच पुढे. तिच्या मनात काही विचार नव्हता असं तिला नंतर वाटलं. पण विचार होता, आणि तो अगदी क्षुल्लक होता. ते विचारतात की जाड होती का. मी जाड झाले आहे.

नदीवर राखाडी उजेड पसरला होता. होडी लहान होती, आणि तिच्यात लोकरीच्या गठ्ठ्याला टेकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन वर्मुंड बसला होता. किती लहान झाला होता. काठावर नावाडी दोर सैल करत होता. ऑस्गिथनं त्याला काही विचारलं नाही. ती पाण्यात उतरली, होडीची कड धरून आत चढली आणि बापासमोरच्या आडव्या फळीवर बसली. होडी डुलली.

"तेत्ता?" वर्मुंड म्हणाला.

"नाही, आबा."

तो हलला नाही. फक्त घोंगडीवरची बोटं आवळली. मग तो पुढे वाकला, तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आला, डावा डोळा बारीक करून त्यानं तिला पाहिलं आणि पुन्हा गठ्ठ्याला टेकला.

"पाय भिजले तुझे," तो म्हणाला.

"हो."

"तो आहे?"

"आहे. कंगवे करतो."

"मारतो तुला?"

"नाही."

"दासी म्हणून ठेवलंय की बायको म्हणून?"

"बायको. त्याच्या लोकांसमोर लग्न लावलं आणि इथल्या पाद्र्यासमोरही."

"मुलं?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची. गुन्वोर."

"हे काय नाव."

"त्याच्या आईचं."

"तुझ्या आईचं नाव काय वाईट होतं?" असं म्हणून तो नदीकडे पाहू लागला. सगळी उत्तरं देऊन झाली होती आणि जे सांगायचं ते तसंच राहिलं होतं. ते घशाशी आलं तेव्हा तिला वाटलं की आपण एखादा गुन्हा कबूल करणार आहोत.

"आबा," ती म्हणाली, "मी सुखात आहे."

वर्मुंडनं मान वळवली.

"किनरिक गेला म्हणून मला हे मिळालं. मला ठाऊक आहे. म्हणून मी निरोप धाडला नाही. पण मी सुखात आहे. पहिल्यापासून. रोज नाही, पण बहुतेक रोज."

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तिला आधी वाटलं की तो रागावला आहे. तो रागावलाच होता.

"मग हे सांगायला बारा वर्षं कशाला लावलीस?" तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "बारा वर्षं मी रोज सकाळी उठतो आणि म्हणतो, वर्मुंड, तू दार धरून उभा का नाही राहिलास. पोरगा मी करारावर दिला, ठीक आहे, करार होता. पण पोरगी? पोरीला तर जाऊ दिली. त्या लोकांत. मला वाटायचं तुला विकली असेल, बर्फात कुठंतरी पाणी भरत असशील. कुणी म्हणालं यॉर्विकला कंगवेवाल्यांच्या गल्लीत एक बाई दिसली. म्हणून यायचो. उतरायची हिंमत नव्हती. उतरलो आणि तू दुःखात दिसलीस, तर मी काय करणार होतो?"

"मातीला पाय लावणार नाही म्हणाला होतात ना तुम्ही."

"बायकोला काहीतरी सांगावं लागतं."

ऑस्गिथला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि ती दोन्ही करत बसली. वर्मुंडनं घोंगडीचं एक टोक तिच्या ओल्या पायांवर टाकलं. तिनं किनरिकला मनात बोलवून पाहिलं. तो आला, उशिरा, काही घाई नसल्यासारखा, आणि होडीत त्या दोघांच्या मधे राहिला. त्यानं जागा अडवली नाही. दुखलं. पण ते दुखणं तिचं एकटीचं नव्हतं, आणि सुख त्याच्यामुळे कमी झालं नव्हतं. दोन्ही एकाच अंगात राहतात हे तिच्या बापाला बहुतेक आधीपासून माहीत होतं. त्यानं दुसरं लग्न केलं होतं.

तेत्ता आणि नावाड्याची बायको आल्या. टोपल्या आत ठेवल्या गेल्या. नावाडी म्हणाला की पाणी फिरलं, आता थांबता येणार नाही. तेत्तानं ऑस्गिथला काठावर उतरायला हात दिला, आणि हात सोडायच्या आधी एकदा दाबला.

"कंगवा घ्यायचा राहिलाच," तेत्ता होडीत बसत म्हणाली.

"नको," वर्मुंड म्हणाला. मग तो ऑस्गिथ ज्या दिशेला असावी असं त्याला वाटलं तिकडे तोंड करून मोठ्यानं बोलू लागला. "जूनमध्ये कातरणी असते. गवत कापायच्या आधी. यंदा मेंढ्या जास्त आहेत आणि हात कमी पडतात. तुझ्या त्या माणसाला कातरता यायचं."

"सांगते," ती म्हणाली.

"वाईट कातरायचा. अर्ध्या मेंढ्या रक्तानं माखायच्या. पण कामाला नाही म्हणायचा नाही." होडी लांब गेली होती तरी तो बोलतच होता. पुढचं तिला ऐकू आलं नाही.

घरी आली तेव्हा आस्लाक दुकानाच्या दारात उभा होता. त्याच्या दाढीत शिंगाचा पांढरा भुसा होता आणि फळीवरचे कंगवे उघडे टाकून ही गेली कुठं याचा राग त्याच्या चेहऱ्यावर अजून तयार होत होता. तिचे भिजलेले पाय आणि डोळे पाहून तो राग तिथंच थांबला.

"काय झालं?"

"आबा आले होते. होडीत होते." ती पायरीवर बसली. तोही शेजारी बसला. गुन्वोर आतून काहीतरी गुणगुणत होती. ऑस्गिथनं त्याला सगळं सांगितलं, सात कंगव्यांपासून. जिथं बापानं 'दासी की बायको' विचारलं तिथं त्यानं खाली पाहिलं. मग तिनं कातरणीचं सांगितलं.

आस्लाकनं दाढीतला भुसा झटकला.

"मला पाहून त्यांना तो आठवेल," तो म्हणाला.

"आठवेल. मलाही आठवतो."

"आणि मी मेंढ्या फार वाईट कातरतो."

"तेही म्हणाले," ती म्हणाली, आणि ओले पाय वाळवायला उन्हाच्या छोट्याशा पट्ट्यात पुढे केले.